मेमरी वाढली, केडंप जुनाच: हॉटप्लगनंतर क्रॅश डंप पूर्ण मिळवायचा कसा

व्हीएमकोर (कर्नल कोसळला त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मिळाला होता. फाइल व्यवस्थित लिहिली गेली होती आणि क्रॅश युटिलिटीत, म्हणजे ती प्रत वाचायच्या साधनात, उघडलीही. पण ज्या प्रोसेसवर संशय होता तिची माहिती मागितली की पडद्यावर एकच ओळ यायची: सीक एरर. पहाटे चारपर्यंत मी डंप फिल्टर तपासले, डीबगइन्फोचं पॅकेज जुळवून पाहिलं, फाइल पुन्हा कॉपी केली. शेवटी बदलांची नोंदवही उघडली तेव्हा उलगडा झाला. अकरा दिवसांपूर्वी त्या व्हीएमची (आभासी मशीनची) मेमरी चालू स्थितीतच, म्हणजे हॉटप्लगने, १६ जीबीवरून ४८ जीबी केली होती. केडंप (हा डंप घेणारी लिनक्सची यंत्रणा) मात्र बूटच्या वेळी लोड झाला होता आणि त्याच्या लेखी मशीन अजून १६ जीबीचंच होतं. हव्या त्या नोंदी नेमक्या नव्या मेमरीत होत्या, आणि क्रॅश पुन्हा घडेपर्यंत वाट पाहण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

हीच चूक मी नंतर इतरांच्या मशीनवरही पुन्हा पुन्हा पाहिली. ‘केडंप सेवा चालू आहे’ एवढं दिसलं की लोक निर्धास्त होतात. सेवा चालू असणं वेगळं आणि तिच्याकडचा हार्डवेअरचा नकाशा आजचा असणं वेगळं. खालची पद्धत लिनक्ससाठी आहे. उदाहरणं एक्स८६ ६४-बिट मशीनची आहेत. कमांड आणि फाइलींची नावं फोनवर सहकाऱ्याला सांगावीत तशी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमनमध्येच टाइप करायची.

टप्पा १: नेमकं काय शिळं होतं ते समजून घ्या

केडंप लोड होतो तेव्हा राखीव मेमरीत कॅप्चर कर्नल (क्रॅशनंतर डंप घेणारा दुसरा कर्नल) आणि त्याचा इनिटरॅमएफएस (सुरुवातीची छोटी फाइल सिस्टम) ठेवला जातो. त्यासोबत एक छोटा तक्ता जातो, त्याचं नाव एल्फकोरहेडर. त्यात प्रत्येक सीपीयूसाठी एक पीटी-नोट असते आणि सिस्टम रॅमच्या प्रत्येक पट्ट्यासाठी एक पीटी-लोड. मूळ कर्नल कोसळल्यावर कॅप्चर कर्नल हाच तक्ता वाचून ‘प्रॉक’मधली ‘व्हीएमकोर’ ही फाइल उभी करतो. जुन्या कर्नलची मेमरी कुठून कुठपर्यंत होती हे त्याला दुसरीकडून कळत नाही.

त्यामुळे मेमरी वाढली आणि तक्ता तसाच राहिला, तर नवा भाग डंपमध्ये येतच नाही. सीपीयू वाढला आणि त्याची नोट नसली, तर क्रॅशच्या क्षणी त्यावर काय चाललं होतं याची रजिस्टरं मिळत नाहीत. मेमरी काढली आणि तक्त्यात तिची नोंद राहिली, तर प्रकरण सगळ्यात वाईट. कॅप्चर कर्नल नसलेली जागा वाचायला जातो आणि डंप अर्धवट सुटू शकतो.

टप्पा २: हॉटप्लगला हात लावण्यापूर्वीची तयारी

सर्वात आधी राखीव जागा पाहा. ‘प्रॉक’मधल्या ‘आयओमेम’ फाइलीत ‘क्रॅश कर्नल’ ही नोंद रूट म्हणून शोधा. रूट नसाल तर पत्ते शून्य दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. आकार बाइटमध्ये हवा असेल तर ‘सिस/कर्नल’मधली ‘केएक्झेक_क्रॅश_साइझ’ वाचा.

इथे फार जण फसतात. राखीव जागेचा आकार सांगणारा बूट लाइनमधला ‘क्रॅशकर्नल’ पॅरामीटर टप्प्यांचा असेल, तर कुठला टप्पा लागू होणार हे बूटच्या वेळच्या मेमरीवरून ठरतं. रेड हॅट ९ च्या एक्स८६ मशीनवर नेहमी दिसणारी मांडणी घ्या: १ ते ४ जीबीला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, ६४ जीबीच्या पुढे ५१२ एमबी. ३ जीबीवर बूट केलेलं व्हीएम नंतर ८० जीबीपर्यंत फुगवलं तरी राखीव जागा १९२ एमबीच राहते. चालू मशीनवर ती वाढवता येत नाही. ‘केएक्झेक_क्रॅश_साइझ’मध्ये लिहून ती फक्त कमी करता येते. म्हणून मशीन पुढे जास्तीत जास्त किती मोठं होणार आहे हे आधी ठरवा आणि त्या मापाचा एकच ठरावीक आकडा बूट लाइनमध्ये द्या. यासाठी एक रीबूट लागतो. तो आत्ताच, ठरवून घ्या.

यानंतर डंप ज्या डिस्कवर किंवा सर्व्हरवर जातो तिथली मोकळी जागा पाहा. मेकडंपफाइलला (डंप गाळून लिहिणाऱ्या साधनाला) ३१ ची फिल्टर पातळी दिली की शून्य पानं, कॅश, युजर डेटा आणि रिकामी पानं गळतात आणि फाइल बरीच आटोपशीर होते. पण कर्नलनेच बरीच मेमरी खाल्ली असेल तर हा आटोपशीरपणा राहत नाही, आणि मेमरी गळतीच्या क्रॅशमध्ये नेमकं तेच झालेलं असतं.

शेवटी आजची स्थिती लिहून ठेवा: ‘एलएसमेम’चं पूर्ण आउटपुट, ‘एलएससीपीयू’मधली ऑनलाइन सीपीयूंची यादी, ‘आयओमेम’मधल्या सगळ्या ‘सिस्टम रॅम’ ओळी आणि मेमरी ब्लॉकचा आकार. हा आकार ‘सिस/डिव्हायसेस/सिस्टम/मेमरी’मधल्या ‘ब्लॉक_साइझ_बाइट्स’ फाइलीत हेक्समध्ये असतो. बहुतेक एक्स८६ मशीनवर तो १२८ एमबी असतो, प्रचंड मेमरीच्या सर्व्हरवर २ जीबीपर्यंतही जातो. टप्पा ७ मध्ये हा आकडा लागेल.

पडताळणी: ‘सिस/कर्नल’मधल्या ‘केएक्झेक_क्रॅश_लोडेड’मध्ये १ हवा. ० असेल तर आधी केडंप नीट चालू करा, हॉटप्लगचा विचार नंतर.

टप्पा ३: तक्ता बदलणार कोण, हे ठरवा

हे काम करणारे दोघे आहेत. एक स्वतः कर्नल, दुसरा युडेव्हचा (हार्डवेअर बदलाच्या घटनांवर कामं चालवणाऱ्या सेवेचा) नियम. कोणाकडे आहे हे न ठरवताच पुढे गेल्यामुळे बहुतेक घोळ होतात. कुठे दोघेही एकाच वेळी धावतात, तर कुठे एकही जण धावत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.६ पासून एक्स८६ वर कर्नल हा तक्ता स्वतः ताजा ठेवू शकतो. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत ‘क्रॅश_हॉटप्लग’ हा पर्याय चालू आहे का ते पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. खरं उत्तर दोन फाइलींत आहे: ‘सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू’मधली ‘क्रॅश_हॉटप्लग’ आणि त्याच नावाची ‘मेमरी’ फोल्डरमधली. १ असेल तर तो बदल कर्नल स्वतः सांभाळतो. ० असेल किंवा फाइलच नसेल, तर काम युडेव्हकडे. वितरणाच्या कर्नलचा आवृत्ती क्रमांक पाहून निष्कर्ष काढू नका, कारण त्यात पुढचे बदल मागे आणलेले असू शकतात. फाइल जे सांगेल ते खरं.

सावधान: या फाइली केडंप लोड झाल्यानंतरच वाचा. क्रॅश कर्नल लोड नसताना त्या ० दाखवतात, आणि ‘आपल्या कर्नलला हे जमत नाही’ असा चुकीचा समज होतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने याच कारणाने सहा मशीनवर जुना नियम परत बसवला होता.

टप्पा ४: काम कर्नलकडे असेल तर

लोड कोणत्या मार्गाने होतो ते बघा. ‘केएक्झेक_फाइल_लोड’ या सिस्टम कॉलने, म्हणजे दुसरा कर्नल लोड करणाऱ्या केएक्झेक कमांडला लहान ‘एस’ पर्याय देऊन, लोड केलं तर वेगळं काही सांगावं लागत नाही. सिक्युअर बूट आणि लॉकडाउन चालू असलेल्या मशीनवर हाच मार्ग चालतो. जुन्या ‘केएक्झेक_लोड’ने लोड करत असाल तर ‘हॉटप्लग’ हा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो आणि केएक्झेक-टूल्सची आवृत्ती तो ओळखणारी हवी. कारण असं आहे: जुन्या मार्गात तक्ता युजरस्पेसमध्ये बनतो आणि सगळ्या भागांचा एसएचए-२५६ हॅश लोडच्या वेळी काढून ठेवला जातो. क्रॅशनंतर पर्गेटरी, म्हणजे दोन कर्नलांच्या मधे चालणारा छोटा कोड, तो हॅश तपासते. तक्ता मधेच बदलला आणि तो हॅशमध्ये धरलेला असला, तर तपासणी नापास होते आणि कॅप्चर कर्नल सुरूच होत नाही. ‘हॉटप्लग’ पर्याय दिला की तक्ता हॅशमधून वगळला जातो आणि त्याच्यासाठी वाढीची जागाही सोडली जाते. किती जागा सोडायची हे कर्नल ‘क्रॅश_एल्फकोरहेडर_साइझ’ या फाइलीतून सांगतो.

ही जागा अमर्याद नसते. ‘क्रॅश_मॅक्स_मेमरी_रेंजेस’ची मूळ मर्यादा ८१९२ पट्ट्यांची आहे. १२८ एमबीच्या ब्लॉकांनी विखुरलेलं १ टीबीचं मशीन त्यात बसतं. एका पट्ट्याची नोंद ५६ बाइटची, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे साडेचारशे केबी. बहुतेकांना ही मर्यादा कधी आड येणार नाही.

आता युडेव्हला बाजूला करायचं. केडंपच्या नियमफाइलीत रीलोडच्या ओळींच्या आधी दोन ओळी हव्यात: सबसिस्टम ‘सीपीयू’ असेल आणि ‘क्रॅश_हॉटप्लग’ १ असेल तर शेवटच्या लेबलवर उडी, आणि तसंच ‘मेमरी’साठी. नव्या पॅकेजांत त्या असतात. जुनी नियमफाइल ‘इटीसी’मध्ये कोणी हाताने कॉपी करून ठेवली असेल तर तीच चालते आणि पॅकेजमधली दुर्लक्षित राहते. ही जुनी कॉपी आठवणीने शोधा.

सावधान: उडीच्या ओळी रीलोडच्या खाली लिहिल्या तर त्यांचा उपयोग शून्य. युडेव्ह वरून खाली वाचतो.

टप्पा ५: काम युडेव्हकडे असेल तर

नियम मेमरीसाठी ‘ऑनलाइन’ आणि ‘ऑफलाइन’ दोन्ही घटनांवर हवा. नुसत्या ‘ऑनलाइन’वर बसवलेले नियम मी कितीतरी पाहिले आहेत. अशा मशीनवर मेमरी वाढवताना सगळं ठीक चालतं आणि कमी करताना तक्ता शिळा राहतो.

घटना किती येतात याचा हिशेब करा. १२८ एमबीचा ब्लॉक धरला तर ६४ जीबी वाढवताना ५१२ ब्लॉक येतात, म्हणजे ५१२ घटना. प्रत्येक घटनेवर केडंप उतरवून पुन्हा चढवायचा ठरवला तर मशीन बराच वेळ त्यातच गुंतून राहतं. शिवाय उतरवणं आणि चढवणं यांच्या मधल्या फटीत क्रॅश झाला तर डंप मिळतच नाही. रेड हॅट घराण्यात यासाठी ‘केडंप-युडेव्ह-थ्रॉटलर’ आहे. तो घटनांचा ओघ थांबेपर्यंत थोडा दम धरतो आणि मग एकदाच रीलोड करतो. स्वतःचा नियम लिहिणार असाल तर असं काही केलंच पाहिजे.

रीलोडची कमांड नियमाच्या ‘रन’मध्ये थेट लिहू नका. युडेव्ह लांबलेली कामं मारून टाकतो आणि केडंप उतरलेला पण परत न चढलेला असा लटकू शकतो. ‘सिस्टमडी-रन’मार्फत, ‘नो-ब्लॉक’ देऊन, काम वेगळं सोडा. रीलोडसाठी ‘केडंपसीटीएल रीलोड’ वापरा, कारण ते इनिटरॅमएफएस पुन्हा बांधायच्या फंदात पडत नाही. डेबियन आणि उबुंटूत ‘केडंप-टूल्स’ सेवा ‘ट्राय-रीस्टार्ट’ करायची.

टप्पा ६: प्रत्यक्ष हॉटप्लगचा क्रम

वाढवताना क्रम असा: हायपरव्हायजरकडून किंवा स्लॉटमधून मेमरी जोडा. ‘ऑटो_ऑनलाइन_ब्लॉक्स’ ऑफलाइनवर असेल तर ब्लॉक ‘सीएचमेम’ने हाताने ऑनलाइन करा. मग ‘युडेव्हएडीएम सेटल’ चालवून रांग रिकामी होऊ द्या. थ्रॉटलर असेल तर आणखी अर्धा मिनिट थांबा. आता ‘केएक्झेक_क्रॅश_लोडेड’ पुन्हा १ आहे का ते पाहा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘क्रॅश एचपी’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ‘केएक्झेक_ट्रायलॉक फेल्ड’ असं दिसलं तर समजा, त्याच क्षणी दुसरं कोणीतरी केएक्झेक वापरत होतं आणि तो बदल तक्त्यात गेला नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी एक हाताने केलेला रीलोड पुरतो.

सीपीयू जोडल्यावर तो लगेच ऑनलाइन झाला असं धरू नका. नवा सीपीयू काही व्हीएममध्ये ऑफलाइनच पडून राहतो, ‘सीएचसीपीयू’ने त्याला उठवावं लागतं. कर्नलकडून सांभाळ होत असलेल्या एक्स८६ मशीनवर तक्त्यात सर्व संभाव्य सीपीयूंच्या नोटा आधीच असतात, त्यामुळे तिथे सीपीयूंची फार काळजी नाही. पॉवर आर्किटेक्चरवर गोष्ट निराळी आहे. तिथे कॅप्चर कर्नलला दिलेली डिव्हाइस ट्रीही ताजी लागते. तिथला कर्नलमधला आधार ६.१० मध्ये, २०२४ साली आला.

काढताना जास्त जपा. आधी ब्लॉक ऑफलाइन करा, तो खरंच ऑफलाइन झाला का ते ‘एलएसमेम’मध्ये बघा, मगच मॉड्यूल किंवा डिम (मेमरीची पट्टी) काढा. आणि काढून झाल्यावर केडंप एकदा हाताने रीलोड करा, काम कर्नलकडे असो वा युडेव्हकडे. ऑफलाइनची घटना आधी घडते आणि ‘आयओमेम’मधला तो पट्टा प्रत्यक्ष काढल्यावरच जातो. मधल्या क्षणी बनलेल्या तक्त्यात जाणारा पट्टा अजून असू शकतो. एका कमांडने हा धोका टळतो, म्हणून माझ्या चेकलिस्टमध्ये ती कायम आहे.

नेटवर्क कार्ड किंवा स्टोरेज अडॅप्टर बदललं असेल तर तक्त्याचा प्रश्न नाही, इनिटरॅमएफएसचा आहे. डंप ज्या मार्गाने बाहेर जातो त्याचे ड्रायव्हर आणि इंटरफेसची ओळख बांधणीच्या वेळीच आत जाते. इथे रीलोड पुरत नाही, ‘केडंपसीटीएल रीबिल्ड’ आणि मग रीस्टार्ट लागतो.

पडताळणी: ‘आयओमेम’मधल्या आजच्या ‘सिस्टम रॅम’ ओळी टप्पा २ मधल्या यादीशेजारी ठेवा. फरक नेमका तुम्ही केलेल्या बदलाएवढाच हवा.

टप्पा ७: क्रॅश करून बघा, पण बदलानंतर

केडंप बसवला त्या दिवशी केलेली चाचणी इथे कामाची नाही. ती जुन्या नकाशाची चाचणी होती. तसंच कर्नल असलेलं एक व्हीएम घ्या. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनात) त्याच्या व्याख्येत कमाल मेमरी आणि स्लॉट आधी लिहिलेले हवेत, नाहीतर चालू मशीनला डिम जोडता येत नाही. मेमरी जोडा, टप्पा ६ पूर्ण करा, सिरियल कन्सोल उघडा ठेवा आणि ‘प्रॉक’मधल्या ‘सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये लहान ‘सी’ लिहा.

डंप आल्यावर क्रॅश युटिलिटीत ‘सिस’ कमांड चालवून मेमरीचा आकडा बघायचा आणि समाधान मानायचं, ही सर्वात फसवी तपासणी आहे. क्रॅश तो आकडा कर्नलच्या स्वतःच्या नोड तक्त्यांवरून काढतं. कोसळणाऱ्या कर्नलला नवी मेमरी माहीत असतेच, त्यामुळे एल्फकोरहेडर शिळा असला तरी आकडा ४८ जीबीच दिसतो. मला त्या रात्री याच आकड्याने तासभर चकवलं.

त्याऐवजी नव्या ब्लॉकमधला भौतिक पत्ता वाचा. समजा ब्लॉक १२८ एमबीचा आहे आणि नव्याने आलेल्या फोल्डरचं नाव ‘मेमरी४०’ आहे. ४० गुणिले १२८ म्हणजे ५१२० एमबी, म्हणजे बरोबर ५ जीबी. हेक्समध्ये तो पत्ता १४००००००० होतो. क्रॅशमध्ये ‘आरडी’ला लहान ‘पी’ पर्याय देऊन हा पत्ता वाचा. उत्तर तीनपैकी एक येईल. मजकूर दिसला तर उत्तम. ‘पेज एक्सक्लुडेड’ आलं तरी चांगलंच, कारण डंपला ती जागा माहीत होती आणि पान फक्त फिल्टरमध्ये गळलं. ‘सीक एरर’ आलं तर ती जागा तक्त्यातच नव्हती. नव्या पट्ट्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटच्या ब्लॉकमधला असे तीन पत्ते वाचा. युडेव्हचा रीलोड अर्ध्या घटना संपल्यावर झाला असेल तर सुरुवात सापडते आणि शेवट सापडत नाही.

सीपीयूंसाठी ‘बीटी’ला लहान ‘ए’ देऊन सगळ्यांचे स्टॅक मागवा आणि नव्या सीपीयूच्या स्टॅकमध्ये रजिस्टरं दिसतात का ते पाहा. पट्टे डोळ्यांनी बघायचे असतील तर मेकडंपफाइलला मोठा ‘ई’ पर्याय देऊन एल्फ स्वरूपात डंप घ्या आणि ‘रीडएल्फ’ला लहान ‘एल’ देऊन पीटी-लोडच्या ओळी वाचा. या स्वरूपात ‘एल’, ‘सी’ असे कॉम्प्रेशनचे पर्याय चालत नाहीत, ते काढून टाका.

तीनपैकी एकही पत्ता ‘सीक एरर’ देत असेल तर टप्पा ३ ला परत जा आणि त्या व्हीएमवर, केडंप लोड असताना, मेमरी फोल्डरमधली ‘क्रॅश_हॉटप्लग’ पुन्हा वाचा. १ असेल तर डीमेसेज आणि लोडचा मार्ग तपासा. ० असेल तर जर्नलमध्ये शेवटच्या रीलोडची वेळ शोधा आणि शेवटचा ब्लॉक ऑनलाइन झाल्याच्या वेळेशी ताडून पाहा. रीलोड आधीचा निघाला तर थ्रॉटलरची थांबण्याची मुदत वाढवा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या.